चार नव्हे, वीस

"सांग ना आजीला, पाणी एकदम ओके आहे," ग्रँट म्हणाला आणि यंत्रावरचा चारचा आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून त्याने ते उंच धरलं.

यंत्र यारेत्सीचं होतं. सहा महिने डोळे फोडून सर्किट तिने जोडलेलं; तिच्या गटातल्या ग्रँटने वरचा डबा रंगवला होता. पण इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत एवढं तिला पुरतं कळलं होतं, की काम कोणी का करेना, मिरवणारा ग्रँटच. गटात ही एकटी मुलगी, त्यात मेक्सिकन आईबापाची. मग टिपणं हिने काढायची, पोस्टर हिने चिकटवायचं आणि आज या वस्तीत आल्यावर स्पॅनिश हिने बोलायचं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर हसरा चेहरा मात्र हिचा. ते पत्रक दिसलं की तिला किळस यायची.

वस्ती अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातली, मेक्सिकोच्या सरहद्दीलगतची. नळ नाहीत, ज्याच्या त्याच्या अंगणात बोअर. पाण्यात आर्सेनिक किती, ते बघायला ही मंडळी आली होती. वस्ती जिला मानाने दोन्या म्हणे, त्या म्हाताऱ्या ऑरेलियाच्या अंगणात दहा-बारा बाया जमल्या होत्या आणि कॉलेजला देणगी देणारे दोन पाहुणे सावलीत खुर्च्या टाकून बसले होते.

दहापर्यंत आकडा चालतो, तेव्हा चार म्हणजे उत्तमच. पण तपासण्याआधी ते पाणी शुद्ध पाणी घालून पाचपट पातळ करावं लागे आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावं लागे. ग्रँट गुणायला विसरला होता. खरा आकडा वीस होता.

तिने प्राध्यापक व्हिटलॉकना बाजूला घेऊन हे सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं, आणि तिला शिसारी आली ती त्याचीच. पटलं तरी पाहुण्यांकडे एक नजर टाकून ते म्हणाले, की अहवालात दुरुस्त करू, आत्ता शोभा नको, ग्रँट म्हणतो तेवढं भाषांतर कर. उन्हाळ्यात प्रयोगशाळेतली जागा तुला द्यायचं आपलं बोलणं झालंच आहे, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. त्या एका जागेसाठी ती दीड वर्ष झिजली होती.

"काय म्हणतोय गं तो, पोरी?" दोन्या ऑरेलियाने विचारलं. "माझी सून पोटुशी आहे. हेच पाणी पिते ती."

चूक ग्रँटची, पण खोटं बाहेर पडणार होतं ते हिच्या तोंडून, हिच्या आईच्या भाषेत. यारेत्सी दोन्या ऑरेलियाकडे वळली.

"हे पाणी पिऊ नका," ती म्हणाली. "स्वयंपाकालाही घेऊ नका. उकळून ते विष जात नाही. त्याने आकडा चुकीचा सांगितलाय. यंत्र मी केलंय, म्हणून सांगते."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ही काय म्हणाली, असं एका पाहुण्याने विचारलं. व्हिटलॉक हसत हसत काहीतरी सारवासारव करू लागले, तेव्हा तिने तेच सगळं इंग्रजीत पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता.

पाहुणे गेल्यावर गाडीत बसता बसता व्हिटलॉक थंडपणे म्हणाले, की प्रयोगशाळेत सांभाळून घेणारी माणसं लागतात, तेव्हा जागा ग्रँटला देतोय. ग्रँटने चार लोकांत शोभेल इतका संकोच केला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," तो म्हणाला. "आणि हो, अहवाल तूच लिहिशील ना?"

इतकी घाण यारेत्सीला आयुष्यात कशाची वाटली नव्हती. त्याच्या मांडीवरचं यंत्र आणि शुद्ध पाण्याचा कॅन उचलून ती गाडीतून उतरली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "माझं काम राहिलंय."

कुंपणाशी बाया उभ्या होत्या, आपापल्या बोअरचं पाणी कोणी बरणीत, कोणी दुधाच्या जुन्या कॅनमध्ये भरून. पहिलीने लोणच्याची बाटली पुढे केली. बोअर किती खोल आहे ते यारेत्सीने विचारून घेतलं, पाणी पातळ केलं, आकड्याची वाट पाहिली. तीन आले. पाचाने गुणून तिने पंधरा सांगितले, पिऊ नका म्हणून बजावलं. बाईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि घरी न जाता बाकीच्यांचे आकडे ऐकायला ती बाजूला उभी राहिली. मागची पुढे आली.