गोखरूची वाट

"याडी, चप्पल घाला! डॉक्टरनं बजावलंय ना?" मिना ओरडली, तोवर देवला अंगणाबाहेर पडलीही होती. सासूला मिना याडी, म्हणजे आई म्हणे, पण सासू ऐकेल तर शपथ!

साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यात पोळ्याला बैल देवळाकडे निघण्याआधी देवला माळावरची वाट अनवाणी चालून बघायची. पूर्वी तांडा बैलांवर मीठ लादून मुलूख हिंडायचा, तेव्हा मुक्कामाची जागा बायकाच अशी तपासत. मातीत दडलेला काटा डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो. तो रुतला की वाकायचं आणि जागा साफ करायची. देवलाच्या वाटेवर आजवर एकही बैल लंगडला नव्हता.

चपला हातात घेऊन मिना मागून निघाली. "आमच्याकडं या काट्याला सराटा म्हणतेत. तुमी गोखरू काहून म्हणता?"

"गो म्हंजे गाय, खरू म्हंजे खूर. जडीबुटीवाला म्हणतो, फळ खुरावानी दिसतंय म्हणून. दिसत आसंल! माझी आजी म्हणायची, खुरात शिरतो म्हणून गोखरू. बैल बसला की तांडा बसला."

देवळापाशी पोचल्यावर देवला दगडावर टेकली. "यंदा एकबी न्हाई लागला. वाट साफ हाय."

मिनाने तिचे तळवे पाहिले. दोन्ही पाय सराट्यांनी भरले होते, रक्त आलं होतं. शुगरने पाय बधिर झाले होते. देवलाने हात फिरवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. पायांची तिला फिकीर नव्हती.

"म्हंजे वाट तशीच हाय, पोरी. बैल निघाले आसतील."

तांड्याकडून हलगी ऐकू येत होती. मिनाने स्वतःच्याही चपला काढल्या आणि ती आल्या वाटेने परत निघाली. पहिल्याच काट्याला ती कळवळली.

"तितंच वाक!" देवला दगडावरून ओरडली. "एक घावला की शेजारी दुसरा आसतोच!"

बैल आले, झुली मिरवत देवळापुढून गेले. देवला शिंगांकडे पाहत नव्हती, खुरांकडे पाहत होती. एकही लंगडला नाही.

मग तिने मिनाला शेजारी बसवलं. मिना नको नको म्हणत असताना सुनेचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि केसातली पिन काढली.

"दुखून राहिलं का?"

"लई."

"बरं हाय," देवला म्हणाली आणि पुढचा काटा शोधू लागली.