उन्हात वाळत घातलेली आजी

"आई, आजीचं चित्र पेटीतून बाहेर काढलंस ना?" हिंगोलीच्या एसटी स्टँडवरून मी फोनवर विचारलं.

"स्लॅबवर हाये. लई दमट झालतं, म्हणून परवापासून उन्हात घातलंय, हळदीच्या शेजारी."

मी फोन कापला अन् समोर लागलेली बाळापूरची गाडी धरली.

आखाडा बाळापुरात आमची ही खोडच. शिजवलेली हळद उन्हात, पापड उन्हात, गाद्या उन्हात. पण आजीनं ते चित्र हळदीनंच रंगवलेलं! घरची हळद, बाभळीचा डिंक, चुलीचं काजळ. बजावलंही होतं, "सपने, हळदीच्या रंगाला ऊन दावू नको. उडून जातो." आणि मी शहाणीनं आईला सांगितलंच नव्हतं.

उद्या तिला जाऊन वर्ष होणार. बापाकडून उर्दू शिकलेली भागूबाई. निजामाच्या वक्ताचे कागद लोकांना वाचून द्यायची, उर्दूतल्या गोष्टी मराठीत आणायची, स्वतःच्याही लिहायची. घरात उर्दू कागद आला की आई म्हणायची, "आजीला दाव." फोटोला मात्र ती उभीच राहिली न्हाई. आधार कार्डावर तर चोरी करताना धरल्यावानी दिसते. आरशात बघून काढलेलं ते एकच चित्र खरं, अन् तेच उद्या लोकांसमोर ठेवायचं होतं.

कळमनुरी गेलं तसं मला रडू फुटलं. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं अन् मी त्याला शिव्या देत होते. आजीचा चेहरा आठवेना. खरंच आठवेना! हनुवटीवरचं गोंदण डावीकडं का उजवीकडं? वर्षातच विसरले, तर पुढं काय उरणार?

घरी पोचले ती धावतच जिना चढले. चित्र हळदीच्या ढिगाजवळ पडलेलं. हात लावायची हिंमत होईना.

चेहरा गेला होता. काजळाच्या भुवया, डोळे अन् गोंदण तेवढं उरलेलं. अन् जिथं पिवळा रंग होता, तिथं पेन्सिलीच्या बारीक ओळी. उर्दू. आधी लिहून मग आजीनं वरून रंग दिलेला.

"बस, अलिफ शिकवते," ती किती वर्षं मागं लागली होती. मी म्हणायचे, "नंतर, आजी."

मागून आई आली, वाकून बघितलं.

"उर्दू दिसतंय गं. जा, आजीला दाव..."

अन् तिनं तोंडावर पदर धरला.