रुमालाखालची लढाई

मुलांनो, डोळे मिटा आणि एक हेर समोर आणा. उंच, देखणा, कमरेला पिस्तूल? पुसून टाका तो. आपला हेर नाथाजी साठीचा, गुडघे कुरकुरणारा, आणि १९६३ साली सूड घ्यायला साताऱ्याहून सांगलीला निघाला तो एस.टी.ने. कमरेला पिस्तुलाऐवजी अडकित्ता. सोबत दहा वर्षांची नात राही, कारण आजीने बजावलं होतं, "आवं, एकटं गेलासा तर परतीची गाडी चुकवाल."

पलटणीत नाथाजी आणि लालासाहेब जोडीने हेरगिरी करत. एकदा नकाशा हरवला लालासाहेबाने, पण साहेबाला सांगितलं, "नाथाजीनं विकला." नाथाजीला हाकललं. तेव्हापासून तो दिसला की गावच्या पारावरचे जुने फौजी पाय पसरून बसत, जागा उरू नये म्हणून. राहीला ते पाय पाठ होते.

लालासाहेब आता सांगलीत हळदीचा व्यापारी होता. नाथाजी शेतकरी बनून बाजारात त्याच्यापुढे उभा राहिला. पागोटं झकास, पायांत मात्र पॉलिश केलेले फौजी बूट.

"आज्या, बूट," राही कुजबुजली.

"गप गं."

हळदीचा भाव तिथे तोंडाने सांगत नसत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटांनी बोलायचं. लालासाहेबाने हात घातला आणि नाथाजीने त्याची बोटं आवळली.

"वळखलंस?"

"सोड गड्या," लालासाहेब हसत म्हणाला. लोक बघत होते, हसणं भाग होतं.

"नकाशा कुणी घालवला?"

"लय वर्सं झाली रं." करंगळी कडकली. लालासाहेब पुटपुटला, "मीच. त्यात भजी बांधली मी. तेलकट झाला म्हणून फेकला, नाव तुझं सांगितलं."

मध्ये उभ्या राहीने शब्दन् शब्द ऐकला. हळद विकायला आलेला, पारावरचाच कोंडीबा लांबून म्हणाला, "काय चिवट घासाघीस हाय."

नाथाजीने हात सोडला. "कोंडीबा, ऐकलंस न्हवं?"

"काय ऐकायचं?"

लालासाहेब करंगळी चोळत म्हणाला, "रुमालाखालचं भायेर काढायचं न्हाई, पावणं. बाजाराचा रिवाज हाय."

नाथाजीचा हात अडकित्त्याकडे गेला. अडकित्ता निघाला असता तर आजा तुरुंगात, आणि पारावरचे पाय कायमचे पसरलेले.

राही हळदीच्या पोत्यावर चढली, पाढे म्हणताना बांधायची तसे हात बांधले, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली, "मीच. त्यात भजी बांधली मी..."