पदराचा इशारा

लाचलुचपत खात्यात निरीक्षक होऊन मला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझी अक्कल किती वाढली, ते शेवगावकडच्या एका तलाठी कार्यालयात सगळ्यांनी पाहिलं.

केशरबाईंचा नवरा वारून वर्ष झालं होतं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव लावायला तलाठी पाच हजार मागत होता. नाव लागलं नाही तर दीर सगळं रान गिळणार, हे गावाला माहीत होतं. आम्ही सापळा लावला. नोटांना पावडर लावली, पंच आणले, आणि इशारा मी ठरवला. पैसे घेतले की बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करायचा. कुणाला संशय यायचं कारण नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की पंचांना माझ्या पैशानं चहा पाजला.

तलाठी आत आला. परका पुरुष समोर आला म्हणून केशरबाईंनी पदर सारखा केला. आम्ही सहा जण धाडकन आत शिरलो. नोटा बाईंच्या पिशवीतच होत्या.

"कुनाची वारस नोंद हाय का, सायेब?" तलाठ्यानं शांतपणे विचारलं.

सावेडीत माझ्या घरी आई टीव्हीवर बातम्या सांगणारा दिसला तरी पदर सावरते. जन्मापासून मी हे बघतोय. तरी मला हाच इशारा सुचला.

दोन महिन्यांनी त्या तलाठ्याची बदली झाली. नव्या तलाठ्यानं आल्या आल्या सहा हजार सांगितले. केशरबाई पुन्हा माझ्यासमोर येऊन बसल्या. शरमेनं माझी मान वर होईना.

"या वेळी खोकाल का?" मी विचारलं.

"खोकला मला बारा महिने हाय, सायेब."

मग त्याच म्हणाल्या, "पदर खाली घेते. लगीन झाल्यापून बाप्यासमोर कधी घेतला न्हाई. चुकून व्हायचा न्हाई."

ठरल्या दिवशी मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पाहत होतो. नोटा तलाठ्याच्या खिशात गेल्या. केशरबाईंचा हात डोक्याकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी पदर खांद्यावर ओढला. पिकलेले केस उघडे पडले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या नादात मी धावायचं विसरलो. शेवटी आमच्या हवालदार पंकजाबाईंनी मला मागून ढकललं.

नोटांची पावडर लागलेले तलाठ्याचे हात सोड्याच्या पाण्यात गुलाबी झाले. तोवर बाईंनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला होता. पंधरा दिवसांत त्यांचं नाव सातबाऱ्यावर लागलं.

मला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'इशाऱ्याची कल्पक निवड.' तो कुणी सुचवला, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मोठ्या साहेबांना धन्यवाद म्हटलं आणि प्रशस्तिपत्र दोन्ही हातांनी घेतलं.