दातवाल्या भाऊजींचं निदान

दातांच्या डॉक्टरला माशांतलं कळावं, अशी धाकटीची अपेक्षा नव्हतीच. पण आपल्याला कळत नाही, एवढं तरी कळावं! भाऊजींचं घोडं नेमकं तिथेच अडायचं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती आणि दाढ धरून आलेल्या माणसाला ते आधी मासे दाखवायचे, मग खुर्ची. आता त्यातला एक मासा मेला होता आणि उरलेले दगडांना अंग घासत होते.

"एसीचा गारठा बाधलाय," भाऊजींनी जाहीर केलं. "पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. फोनवर बघितलंय मी."

"गारठा कसला? हिच्या माशांच्या दुकानातून तो पिवळा आणला आणि सगळं सुरू झालं," ताई म्हणाली. ताईला माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दोष द्यायला कळावं लागतं थोडंच!

"माझ्याकडून आजारी मासा बाहेर पडत नाही," धाकटी तडकली. "महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवते, मगच देते. तू मैत्रिणींना काय सांगत सुटलीयस, ते आलंय माझ्या कानावर. आता सगळ्यांसमोर तपासते."

तिचं दुकान त्या महिनाभराच्या शब्दावरच चालत होतं. बाकावर दोन पेशंट गाल धरून बसले होते, तेही माना वळवून बघू लागले.

तिची खात्री होती. भाऊजी येता-जाता खायला टाकतात, पाणी नासलंय, दुसरं काय! तिने काळ्या कापडावर काचेचं भांडं ठेवलं, त्यात टाकीइतकंच कोमट गोडं पाणी ओतलं आणि एक पट्टेरी मासा जाळीने उचलून आत सोडला. मासा आडवा झाला.

"मेला! काढ, काढ!" भाऊजी ओरडले.

"गप्प बसा हो! गोड्या पाण्यात पडतात असे."

खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगाला चपटे कृमी चिकटले, तर ते दिसत नाहीत, काचेसारखे असतात. गोडं पाणी लागलं की पांढरे पडतात आणि गळतात. ठिपक्यांच्या रोगात असं काही गळत नाही. काहीच गळणार नाही, हे दाखवायला ती आली होती.

तिळाएवढा एक पांढरा कण तळाशी गेला. मग दुसरा. मग भराभर.

धाकटीला ती पिशवी आठवली. तो पिवळा मासा महिनाभर कुठे ठेवला होता? सकाळी आला, दुपारी त्याच पिशवीतून तिने भाऊजींकडे धाडला. या दातवाल्याला काय कळतंय, त्याच्यासाठी कोण महिना घालवतो, असंच तिच्या मनात आलं होतं.

"काय गं ते?" ताईने विचारलं.

भाऊजी कपाळावरचा दिवा लावून भांड्यावर वाकले. "ठिपके! पांढरे ठिपके! म्हटलं नव्हतं मी?"

इतका अडाणी माणूस धाकटीने जन्मात पाहिला नव्हता.

"हो भाऊजी," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर. गारठाच बाधला. औषध मात्र मी पाठवीन तेच घाला."

"चुकलंच गं माझं," ताई ओशाळून म्हणाली. "उगाच तुला बोल लावला."

भाऊजी फुललेल्या चेहऱ्याने धाकटीकडे वळले. "अगं, होते चूक. यापुढे दुकानात नवा मासा आला, की आधी मला आणून दाखवत जा. संकोच करायचा नाही."

बाकावरचे दोघं तिच्याकडे बघत होते.

"दाखवीन," धाकटी म्हणाली.