अख्खी तार

उस्तादांच्या दुकानात तुटकी तार गिऱ्हाइकाच्या वाडग्यात कधी पडली नाही. नूडल्सच्या एकेका लांब दोऱ्याला ते तार म्हणत, आणि अब्रूइतकीच ती जपत. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पहिल्या घाण्यातली एक तार ते उकळत्या पाण्यातून काट्यानं उचलत आणि हात पार डोक्यावर नेत. ती न तुटता लोंबत राहिली की मान हलवून स्वतः खाऊन टाकत. तुटली तर मळलेलं सगळं पीठ बाजूला, आणि नव्यानं सुरुवात. तुटकी-फुटकी निघेल ती ओट्याखालच्या पितळी पातेल्यात जाई. ते पातेलं घरच्यांचं.

त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे चाळणकाकू म्हणत, कारण तिच्या हातात चाळणी नाही असं कुणी तिला पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती त्या पातेल्यातलंच खात आली. अख्खी तार तिच्या वाट्याला कधी आली नाही आणि तिनंही कधी मागितली नाही. पोटात जाऊन सगळ्याचा लगदाच होतो, असं ती हसून म्हणायची. उस्तादांना हे बोलणं मुळीच आवडत नसे.

मग एक दिवस मळता मळता उस्ताद ओट्यावरच कलंडले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. म्हणजे अगदी सगळी नाही. दिवसभर ज्याच्या जिभेला हाड नसायचं, गिऱ्हाइकापासून पाणी भरणाऱ्यापर्यंत ज्यानं कुणाला सुनवायचं बाकी ठेवलं नाही, त्या माणसापाशी एकच शब्द उरला, आणि तो होता 'नको'. देवाला ठेवायचाच होता तर दुसरा कुठला सापडला नाही का, असं काकू चिडून म्हणायची आणि मग पदरानं डोळे पुसायची.

पण खरी पंचाईत गळ्याची होती. इस्पितळात गिळायला शिकवणारी एक मुलगी होती. काकूनं तिचं नाव घासताई ठेवलं. घासताईनं उस्तादांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून पाण्याचा घोट गिळायला लावला आणि काकूला बाजूला घेतलं.

"काकू, यांच्या घशातलं दार आता वेळेवर मिटत नाही. नीट मऊ झालेलं, जिभेनं दाबलं की मोडेल असंच द्यायचं. चिवट नको, चिकट नको, लांब तर अजिबात नको. जे शिजवाल ते आधी कात्रीनं बारीक कापायचं, मग ताटात."

"नूडल्ससुद्धा?"

"नूडल्स तर सगळ्यात आधी."

काकूनं नवी कात्री आणली आणि शेगडीशेजारच्या खिळ्याला अडकवली. पहिल्या दिवशी तिनं दुकानातलीच तार गाळ होईपर्यंत शिजवली, उस्तादांना दिसणार नाही अशी पाठ करून कापली आणि वाटीत घालून समोर ठेवली. उस्तादांनी वाटीत पाहिलं. मग ओट्याखालच्या पातेल्याकडं पाहिलं.

"नको," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. घासताईनं शिकवलेली दाटसर पेज ते दोन-चार चमचे घेत आणि तोंड फिरवत. सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. एका दुपारी काकूचा तोल सुटला. चमचा वाटीत आपटून ती म्हणाली, "अहो, मी जन्मभर जे खाल्लं ते तुम्हाला चार दिवस चालत नाही होय? मी काय माणूस नव्हते?"

उस्तादांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्यांचं तोंड पुसलं आणि त्यानंतर तो विषय पुन्हा काढला नाही.

पण तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. भूक होती, खाण्याची वासनाही होती, नको होता तो चुरा. ताटात अख्खी दिसेल आणि तोंडात गेल्यावर मोडेल अशी तार हवी. गव्हाकडून ते होणार नव्हतं. गव्हाचं पीठ मळावं तसं एकमेकाला घट्ट धरतं, आणि धरलेलं घशात जाऊन गोळा होतं. उस्तादांनी उभा जन्म ज्या ताणासाठी हात झिजवले, तोच ताण आता त्यांच्या जिवावर उठला होता.

काकूनं दुसरी पिठं काढली. ज्वारीची तार पाण्यात पडली आणि नाहीशी झाली, वर नुसतं गढूळ पाणी राहिलं. उपासाच्या कुट्टूच्या पिठाची उभी राहिली, पण खरखरीत. घासताईनं बोटांत चुरून पाहिली आणि मान हलवली. मक्याची काडीसारखी कडकडीत मोडली. बाजूच्या पाववाल्यानं मोठ्या मायेनं तांदळाच्या पिठाचा पाव करून आणला. सकाळी लोण्यासारखा होता, दुपारपर्यंत त्याची वाळू झाली. तिचे कण उस्तादांच्या घशात गेले आणि ते निळे होईपर्यंत खोकले. पाववाला दारातच उभा राहून कपाळाला हात लावत होता.

"काकू, गव्हाशिवाय पाव धरतच नाही हो. मी त्यात काय काय घालतो तेव्हा कुठं उभा राहतो."

शेवटी तांदळानंच हात दिला. पीठ उकळत्या पाण्यात घालून, झाकून, गरम असतानाच मळायचं; त्यात थोडं बटाट्याचं सत्त्व; मग साच्यातून दाबून थेट पाण्यात. तार पांढरीशुभ्र निघाली. ताटात अख्खी राहायची आणि जिभेनं टाळूला दाबली की विरघळल्यासारखी मोडायची. घासताईनं ती बोटांत दाबली, स्वतः खाल्ली, आणि काकूच्या पाठीवर थाप मारली.

"हिला कात्रीही नको. हीच द्या. पण काकू, हिच्यात काहीही बदल करायचा नाही. मला विचारल्याशिवाय चिमूटभरसुद्धा नाही."

"नाही गं बाई. मला काय हौस आलीय?"

उस्तादांनी ती खाल्ली. चमच्यानं काकू भरवायची, ते सावकाश गिळायचे, हनुवटी खाली घालून, शिकवल्याप्रमाणे. गालावर थोडं मांस आलं. आता दुकान सांभाळणारा त्यांचा मुलगा मधूनच घरात डोकावून जाई आणि रिकामी वाटी बघून त्याचाही चेहरा उजळे. काकूच्या जिवात जीव आला. एवढंच तिला हवं होतं, की या माणसानं आपल्या तोंडानं खावं आणि जगावं.

आणि मग एका सकाळी उस्तादांनी तिच्या हातातला चमचा बाजूला सारून काट्याकडं बोट दाखवलं. डाव्या हातानं त्यांनी वाटीतली एक तार अडकवली आणि हात वर नेऊ लागले. काकू श्वास रोखून बघत होती. आजारपणात पहिल्यांदाच त्यांनी आपणहून हात उचलला होता. छातीपर्यंत आला आणि तार तुटली. खालचा तुकडा मांडीवर पडला. त्यांनी पुन्हा एक उचलली, तीही तुटली. तिसरीही. मग काटा खाली ठेवून त्यांनी बायकोकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर काकूनं तो केव्हाच पचवला असता.

"नको."

त्या दिवसापासून पुन्हा तोंड मिटलं. पेजही नको. इस्पितळातून निरोप आला की असंच चाललं तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल, पुढच्या आठवड्यात घेऊन या.

"बसवून टाकू, आई," मुलगा म्हणाला. "जगतील तरी."

"आणि तोंडात?"

"तोंडात काही नाही. कधीच नाही."

जो माणूस पाण्याचा घोट घेतानाही मीठ कमी पडलंय म्हणायचा, त्याच्या पोटात नळीनं पांढरं पाणी सोडायचं, आणि आपण शेजारी बसून बघायचं. काकूला ते चित्र सोसवेना. ती तशीच उठून पाववाल्याकडं गेली.

"तुम्ही पावात घालता ते काय असतं?"

"टॅपिओकाचं सत्त्व. कंदाचं असतं. भुसभुशीत पिठाला धरून ठेवतं." त्यानं कागदात थोडं बांधून दिलं. "जपून घाला हं काकू. जास्त झालं तर रबर होतं नुसतं."

घासताईला विचारायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिनं ते ढकलून दिलं. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. काकूनं स्वतःशी हिशोब मांडला होता, आणि तो काही वेडेपणाचा नव्हता. त्यांना फक्त तार उचलू द्यायची. डोक्यापर्यंत नेऊ द्यायची, एकदा मान हलवू द्यायची. मग वाटी आत आणायची, कात्रीनं चुरा करायचा, आणि एकदा मन निवलं की चुराही खातील. कात्री खिळ्यावर होतीच.

सकाळी तिनं पीठ मळलं तेव्हा हाताला लगेच कळलं. बोट दाबलं की पीठ मागं ढकलत होतं. पाण्यातून तार निघाली ती काचेसारखी, आरपार दिसणारी. उरलेला गोळा तिनं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला आणि वाटी बाहेर नेली.

उस्तादांनी तिच्याकडं बघितलं नाही. वाटीकडं बघितलं. काटा घेतला, तार अडकवली, डावा हात सावकाश वर गेला. छाती. हनुवटी. कपाळ. हात डोक्याच्या वर पोचला आणि तार खाली वाटीपर्यंत नुसती लोंबत राहिली, थरथरली, पण तुटली नाही.

उस्तादांनी मान हलवली. अर्ध्या तोंडानं हसले. मग तिच्याकडं वळून म्हणाले, "अगं."

किती महिन्यांनी. घरात, दुकानात, पिठाच्या धुरळ्यात जन्मभर तिला जी हाक ऐकू आली होती, तीच. आता वाटी घ्यायची होती. तिनं हात पुढंही केला. पण उस्तादांनी काटा तोंडाकडं नेला होता, आणि या माणसासमोर, या क्षणी, त्या तारेला कात्री लावायची हे तिच्यानं झालं नाही. एकच तर आहे, ती मनात म्हणाली. हनुवटी खाली घाला, असं तोंडानं म्हणाली.

पहिली तार गेली. गळ्याचं हाड वर झालं, खाली आलं. उस्तादांनी दुसरी उचलली. काकूनं थांबवलं नाही. ती हसत होती, हे नंतर तिला नीट आठवलं.

दुसरी अर्धी आत गेली आणि अर्धी बाहेर राहिली. खोकला आला नाही, आवाजच आला नाही. त्यांचे डोळे मोठे झाले आणि हातातला काटा पडला. काकूनं पाठीत थापा घातल्या, तोंडात बोटं घातली, बाहेरचं टोक धरून ओढलं. ते लांबलं. बोटांतून निसटलं. तिची किंकाळी ऐकून मुलगा पिठाच्या हातांनी धावत आला, त्यानं वडलांना मागून कव घालून उचललं, दाबलं, पुन्हा दाबलं. पाववाला गाडी घेऊन आला तोवर घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवसभर घर माणसांनी भरलेलं होतं. संध्याकाळी घासताई आली. तिचा चेहरा उतरला होता. मुलगाच पुढं झाला.

"तुम्ही सांगितलेलंच देत होती हो आई. अगदी तुमच्यासमोर केलं तेच. नशीब, दुसरं काय."

घासताईनं काकूकडं पाहिलं. काकू म्हणाली, "तेच नव्हतं रे."

"आई, आता राहू दे."

"मी त्यात पाववाल्याकडचं सत्त्व घातलं. तुटू नये म्हणून घातलं."

पाववाला कोपऱ्यात उभा होता, तो भिंतीला टेकला. घासताईनं डोळे मिटले. मुलगा बाकीच्यांकडं वळून म्हणाला, "धक्का बसलाय तिला. काय बोलतेय तिचं तिला कळत नाहीये." कुणीतरी काकूला पाणी आणून दिलं, कुणीतरी म्हणालं, खाता खाता गेले, समाधानानं गेले. तिला कुणी एक शब्द लागेलसा बोललं नाही, आणि तेच तिला सोसेना.

ती उठून स्वयंपाकघरात आली. ओट्यावर ओल्या फडक्याखाली गोळा तसाच होता. तिनं पाणी तापत ठेवलं. गोळा साच्यात भरला, दाबला, तार पाण्यात सोडली. वर आल्यावर काट्यानं उचलली आणि हात डोक्यावर नेला. तार लोंबत राहिली. इतक्या वर्षांत तिनं स्वतः उचलून पाहिलेली ही पहिली अख्खी तार होती.

"तूट," ती हळूच म्हणाली.

तिनं काटा हलवला, झटकला. दुसऱ्या हातानं खालचं टोक धरून ओढलं. तार लांबली, बारीक झाली, बोटांना चटका देत राहिली.

"तूट की गं, मेले. तूट ना."

दारात मुलगा येऊन उभा राहिला होता. आईच्या दोन हातांमध्ये ताणलेली ती तार त्यानं पाहिली. जन्मापासून तार ओळखणारा तो मुलगा होता. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. जवळ येऊन त्यानं खिळ्यावरची कात्री काढली. तिची धार अजून नवीच होती. त्यानं ती आईच्या हातात दिली आणि पाठ फिरवली.