खडीच्या सडकेवरची शेवटची रेस

बहात्तरच्या दुष्काळात शेलूबाजारपासून कोसभर अंतरावर सरकारनं एक सडक काढली. दोन वर्षं आसपासच्या बायामाणसांनी तिथं खडी फोडली, मुरूम टाकला. पुढं नदीवर पूल व्हायचा होता, तो काही झाला नाही. सडक नदीकाठी जाऊन थांबली. अशी सरळ, रिकामी सडक आम्हाला आयतीच मिळाली.

मी तेव्हा लाइनमन होतो आणि माझ्याकडं राजदूत मोटरसायकल होती. बंजारा तांड्यावरच्या दौलतसिंगनं अकोल्याहून जुनी जावा आणलेली. बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही तिथं जमायचो. कधी कारंज्याचे, मंगरूळचे गाडीवालेही यायचे. एका बाभळीपासून चुना लावलेल्या दगडापर्यंत पाव मैल, दोन गाड्या शेजारीशेजारी, एका दमात. बाजारातून परतणारी माणसं पिशव्या खाली ठेवून कडेला उभी राहायची. धुरळ्यात कोण पुढं, ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

झेंडा पाडायची दौलतसिंगची आई, सुंदरबाई. पहिल्याच दिवशी तिनं आमच्या हातातला लाल फडका ओढून घेतला होता. "सडक आमी बांदली. झेंडा मीच पाडीन."

चार वर्षं मी दौलतसिंगकडून हरलो. "ग्यानबा, गाडीले बैलावानी ढेप चार जराशी," असं म्हणून तो हसायचा, आणि मी पुढच्या बाजारी पुन्हा हजर.

मग खालच्या अंगाला तलावाची भिंत झाली. अठ्ठ्याहत्तरच्या पावसात नदीकडची सडक पाण्यात गेली. दिवाळीला पाहिलं तर पाणी दगडापासून पन्नास-साठ पावलांवर. पुढच्या साली बाभळीपर्यंत येणार, हे दिसतच होतं. शेवटची एक रेस लावायची ठरली.

त्या दिवशी सुंदरबाईचा हात खाली आला आणि पहिल्यांदाच मी पुढं निघालो. जावाचा आवाज मागं पडला. दगड जवळ आला, त्याच्यापलीकडं ते चकाकणारं पाणी दिसलं, आणि माझा पाय ब्रेकवर गेला. दौलतसिंग शेजारून सुटला. दगड ओलांडला, तरी थांबला नाही. सरळ पाण्यात.

आम्ही धावलो. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हसत होता.

"येडा झाला काय बे? ब्रेक काहून नाही मारला?" मी ओरडलो.

"दगडाच्या पुढची, शेवटची खडी याडीच्या टोळीनं टाकली होती ना बे." तांड्यावर आईला याडी म्हणतात. "इतके साल आपून दगडापाशीच थांबून राह्यलो. एकडाव पुढं जाऊन पाहाचं होतं."

सुंदरबाई दम टाकत आली. तो काठावर येताच त्याच्या ओल्या पाठीत तिनं दोन धपाटे घातले. मग तिनं पाण्यात गेलेल्या सडकेवर नजर टाकली आणि माझ्याकडं वळली.

"ग्यानबा, तुई गाडी चालू हाय काय?"

"हाय ना, काकी."

"मंग मले बसव. दोन साल खडी फोडली, पन या सडकेवरून गाडीवर बसून कदी गेली नाई मी."

जावाला दोर बांधून माणसं ओढू लागली आणि मी काकीला मागं बसवून बाभळीकडं निघालो. "हळू," ती म्हणाली. मी बैलगाडीच्या चालीनं चालवली. ती हात लांब करून दाखवत होती. "इथं आमाले खायले सुकडी वाटत. त्या ढिगामांगं रामीबाईले पोरगी झाली. इथं माहं बोट चेचलं." ज्या सडकेवर मी चार वर्षं डोळे मिटून गाडी हाणली, तिथं काय काय झालं ते मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या पावसात बाभूळही गेली. जावा दुरुस्त झाली, पण दौलतसिंग एसटीत ड्रायव्हर लागला. माझी बदली अनसिंगला झाली. सुंदरबाईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पण त्या दुपारी आम्ही एक नाही, तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वेळी बाभळीपाशी गाडी वळवली, तेव्हा काकीनं माझा खांदा घट्ट धरला.

"आता पळव," ती म्हणाली.

मी पळवली.